समोर कोण असावं

कोर्टात त्याला सगळे ‘तंद्री’ म्हणत. तोंडावर वकीलसाहेब आणि पाठ वळली की तंद्री. कारण उघड होतं. साक्षीदार बोलायला लागला की याचे डोळे अर्धे मिटत, मान एका खांद्याकडे कलत जाई आणि नवख्या माणसाला वाटे, झालं, हा गडी झोपला. तो झोपलेला नसे. साक्षीदार ज्या जागेबद्दल सांगतोय त्या जागी तो जाऊन उभा राहिलेला असे. कोणी म्हणालं, मी खिडकीतून पाहिलं, की हा मनाने त्या खिडकीशी जाई, काचेला नाक लावी, बाहेर काय काय दिसतं ते सावकाश बघे. आणि काही जुळेनासं झालं की हलकेच डोळे उघडून विचारी, “खिडकीपुढचं झाड तेव्हा तोडलेलं होतं का हो?” की साक्षीदाराची बोबडी वळलीच.

त्याच्यासमोर बहुतेक वेळा सरकारी वकीलबाई असत. त्यांना वकील मंडळींनी नाव ठेवलं होतं ‘टाचणी’. अंगाने बारीक, आवाज बारीक आणि प्रश्न त्याहून बारीक. इकडचं तिकडचं काही नाही, नेमकं जिथे टोचायचं तिथे टोचून मोकळ्या. तंद्री आणि टाचणी समोरासमोर असले की इतर वकील आपली कामं सोडून मागच्या बाकांवर येऊन बसत. दोघांचं वैर नव्हतं आणि मैत्रीही नव्हती. कॉरिडॉरमध्ये भेटले तर ‘काय, कसं काय’ आणि पुढे.

तंद्रीला वकिली शिकवली ती त्याच्या मामाने. मामा आता ऐंशीच्या घरात होता आणि एकटाच राहत होता. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालणं आणि भाच्याची वाट बघणं ही त्याची दोन कामं. हा मामा ‘मंडळा’चा सदस्य होता. मंडळ म्हणजे उभ्या आयुष्यात खटले चालवलेल्या वकिलांचं मंडळ. त्याला मोठं लांबलचक नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. नुसतं मंडळ म्हटलं की पुरे. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांची दुमजली इमारत होती. दारावर पाटी नव्हती. वरच्या मजल्यावर एक लांब खोली, तिला उंच खिडक्या, आणि दुपारचं ऊन त्या खिडक्यांतून आत आलं की सगळी खोली मधात बुडवल्यासारखी दिसे. तंद्रीने ती लहानपणी एकदा पाहिली होती, मामाचं बोट धरून. मग पुन्हा नाही. सदस्य नसलेल्याने तिथे उगाच जायचं नसतं.

वकिली सुरू केली त्याच वर्षी त्याने मामाला विचारलं होतं, “मामा, तिथे अर्ज कसा करायचा?”

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. “अर्ज? अर्ज केलास की संपलास. कोणाकडून शब्द टाकलास तरी संपलास. आधी कोर्टात उभं राहून राहून केस पांढरे करायचे. नुसते कागद लिहून झालेले पांढरे केस चालत नाहीत. मग कधीतरी कोणीतरी तुझं नाव काढतो. तुला त्याचा पत्ता नसतो. मग ते विचारत सुटतात. न्यायाधीशांना विचारतात. ज्यांना तू हरवलंस त्यांना विचारतात, ज्यांनी तुला हरवलं त्यांना विचारतात.”

“आणि मित्रांना?”

“मित्रांना कशाला विचारतील? मित्र म्हणजे नवऱ्यामुलाची आई. तिला विचारून काय कळणार?”

“तू सांगशील ना माझ्याबद्दल?”

“मी तुझा मामा. मी तोंड उघडायचं नाही असा नियमच आहे. आणि बरं आहे तो नियम. मी खरं सांगितलं असतं तर तुझं काही खरं नव्हतं.”

त्याला किती वर्षं झाली! तंद्रीचे केस कानांवर पांढरे झाले, मग सगळेच झाले. मंडळाचा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. पण पायात बारीक काटा राहावा, चालताना बोचू नये आणि बोट लावलं की मात्र कळावं, तसं ते आत राहिलं होतं.

एके दिवशी कुंड्यांना पाणी घालता घालता मामा सहज म्हणाला, “तुझ्या कोर्टात हल्ली आमचे अध्यक्ष येऊन बसतात म्हणे?”

“मी नाही पाहिलं.”

“तू कशाला पाहशील! तुला समोरचा न्यायाधीश दिसला तरी पुष्कळ.” आणि मामाने झारी खाली ठेवली, चेहरा अगदी कोरा केला. “मी काही बोललो नाही हं.”

दुसऱ्या दिवशी तंद्रीने पाहिलं. सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, पिकल्या भुवयांचे एक वृद्ध गृहस्थ हातावर हात ठेवून बसले होते. मंडळाचे अध्यक्ष. त्यानंतरच्या खटल्यालाही ते होते. त्याच्याही पुढच्या. एका न्यायाधीशांनी कामकाज संपल्यावर त्याच्याकडे बघून जरा जास्तच हसल्यासारखं केलं. एक जुना प्रतिस्पर्धी जिन्यात भेटला आणि खांद्यावर थाप मारून म्हणाला, “चांगलं चाललंय तुमच्या कोर्टात, ऐकतोय मी.” तंद्रीने जे समजायचं ते समजून घेतलं.

त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. सकाळी आरशापुढे उभा राहून तो गळपट्टी दोनदा बांधू लागला. बायको दातांची डॉक्टर होती. तिच्या नजरेतून काय सुटणार?

“अरे, तोंड मीट,” ती म्हणाली. “कोणी आ करून बसलं की मला दवाखान्यात असल्यासारखं वाटतं.”

मग त्याने तिला सांगितलं. हळू आवाजात, जणू भिंतीही मंडळाच्या होत्या. तिने सगळं ऐकून घेतलं, त्याच्या कोटावरचा धागा काढला आणि म्हणाली, “छान आहे. पण तू त्यांना बघतोयस, का ते तुला बघतायत?”

“म्हणजे?”

“काही नाही. डबा घे.”

त्या दिवसांत लिफ्टचा खटला सुरू झाला. एका सहा मजली कचेरीच्या इमारतीतली लिफ्ट वरून सुटून खाली आली होती. आत एक हिशेबनीस बाई होती. ती वाचली, पण तिचे दोन्ही पाय गेल्यासारखेच झाले. चाकाच्या खुर्चीत बसून ती रोज कोर्टात येई आणि कोणाशीही न बोलता आरोपीकडे पाहत राही. आरोपी होता लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याचं वय पस्तिशीचं, हात मोठाले, नजर कायम पायाशी. आदल्याच दिवशी त्याने लिफ्ट तपासून ‘ठीक’ असा शेरा दिला होता, आणि ब्रेक तर झिजून पापुद्रा झालेला निघाला. सरळ सरळ हलगर्जीपणा. तंद्री मिस्त्रीचा वकील होता. समोर टाचणीबाई.

मिस्त्रीकडून काही बाहेर निघत नव्हतं. “काम माझं होतं. शेरा मी दिला.” याच्यापुढे त्याची गाडी सरकत नसे. त्याची बायको पदराआड रडे, तर तो तिला म्हणे, “गप गं.”

सरकारतर्फे मुख्य साक्षीदार होता लिफ्ट कंपनीचा वरिष्ठ इंजिनिअर. चांगला उंचापुरा माणूस, बोलायला गोड. मिस्त्रीला त्यानेच कामाला लावलं होतं, मिस्त्री त्याला दादा म्हणत असे. इंजिनिअरने दुःखी चेहऱ्याने सांगितलं, “पोरगा वाईट नाही. पण ब्रेक बघायला हवा होता. बघितला असता तर दिसला असता.”

उलटतपासाला तंद्री उभा राहिला. मागच्या बाकावर पिकल्या भुवया होत्या. आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तो पूर्ण जागा होता. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, स्वतःचा हात दिसत होता. त्याने इंजिनिअरला किती आदराने प्रश्न विचारले! काय ती भाषा, काय तो विनय! मध्ये एक शब्दांचा खेळ केला, त्यावर न्यायाधीशही हसले. फक्त ज्या जागी लिफ्ट सुटली त्या जागी तो गेलाच नाही. तिथे जायला डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटले तर मागचा बाक कसा दिसणार?

वेळ संपली. उरलेला उलटतपास सोमवारवर गेला. कॉरिडॉरच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ, टाचणीबाईंनी त्याला गाठलं. त्या कधी कोणाला गाठत नसत.

“वकीलसाहेब, बरं नाहीये का?”

“छे, उत्तम आहे. का?”

“आज तुम्ही जागे होतात.”

तो हसला. त्या हसल्या नाहीत.

“मी थट्टा करत नाहीये,” त्या म्हणाल्या. “गेली कित्येक वर्षं मी रात्रीचा दिवस करून तयारी करते ती कशासाठी, तर तुम्ही डोळे मिटून काय बघाल याचा नेम नसतो म्हणून. आज तुम्ही काहीच बघत नव्हतात. माझं काम फार सोपं झालं, आणि मला ते आवडलं नाही. त्या माणसाला तुरुंगात पाठवायचं असेल तर तुमच्यासमोर पाठवायचंय मला. तुमच्या सदऱ्यासमोर नाही.”

एवढं बोलून त्या पेला विसळून, पालथा ठेवून निघून गेल्या. तंद्री तिथेच उभा राहिला. कान तापले होते. आधी राग आला. मग राग हळूहळू उतरला आणि खाली जे होतं ते दिसलं. ते काही बघण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी तो त्या इमारतीत गेला. कचेऱ्या बंद होत्या. रखवालदाराने आत सोडलं. लिफ्टच्या दारावर आडवी फळी ठोकलेली होती, म्हणून तो जिन्याने चढला. प्रत्येक मजल्यावर तीच लांब बोळ, तीच बंद दारं, काचेतून येणारा तोच पांढरट उजेड, त्यामुळे आपण चढतोय की एकाच जागी पाय हलवतोय हे त्याला कळेनासं झालं. कुठेतरी नळ ठिबकत होता. हे तर छान होतं. त्याचे डोळे आपोआप जड होऊ लागले.

गच्चीत पोचला तेव्हा वारा सुटला होता. कोपऱ्यात लिफ्टच्या यंत्राची खोली होती. मोटर तिथे, दोर तिथे, ब्रेकही तिथेच. दाराला कुलूप होतं. तो पायरीवर बसला, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

आणि मिस्त्री जिना चढून वर आला. खांद्याला हत्यारांची पिशवी. धापा टाकत होता. दारापाशी आला, खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग त्याने कुलूप हातात घेतलं आणि नुसतं बघत राहिला. तंद्रीला ते कुलूप अगदी जवळून दिसलं. कडी गंजून लाल झालेली, बिजागऱ्या लाल झालेल्या, आणि कुलूप मात्र चकचकीत, कालच दुकानातून आणल्यासारखं. मिस्त्रीने ते सोडलं. ते दारावर आपटून वाजलं. मग तो आला तसा जिना उतरून खाली गेला.

तंद्रीने डोळे उघडले. उन्हात कुलूप चमकत होतं.

संध्याकाळी त्याने मिस्त्रीला बोलावून घेतलं. “नव्या कुलपाची किल्ली तुझ्याकडे नव्हती, बरोबर?”

मिस्त्रीच्या मोठाल्या हातांनी एकमेकांना घट्ट धरलं. मग तो म्हणाला, “दादांनी मला हातात पाना धरायला शिकवलं, साहेब. माझं लग्न त्यांनी जमवलं.”

“किल्ली त्यांच्याकडे होती.”

“वरून पितळ चोरीला गेलं म्हणून त्यांनी कुलूप बदललं. किल्ली खिशात घेऊन परगावी गेले. फोनवर म्हणाले, खालून बघ, चालवून बघ, आवाज ठीक असला की शेरा दे. आल्यावर मी वर जाईन.” त्याने मान वर केली. “मी त्यांचं नाव घेणार नाही.”

“तू नको घेऊस. मी किल्लीबद्दल विचारू का? फक्त किल्लीबद्दल.”

शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, “विचारा.” आणि नवऱ्याने ‘गप गं’ म्हणायच्या आत पुढे म्हणाली, “तुमचे दादा त्या पिंजऱ्याबाहेर आहेत, आणि तुम्ही आत. एवढंच मला समजतं.”

मिस्त्रीने मान खाली घातली. ती नंतर हळूच हलली, होकारासारखी.

सोमवारी तंद्री उभा राहिला तेव्हा मागच्या बाकावर कोण होतं, त्याला ठाऊक नाही. त्याची मान कलली, डोळे मिटत आले. वकिलांच्या बाकांवर खुसखुस झाली. किती तरी वेळ तो काहीच बोलला नाही. न्यायाधीशांनी घसा खाकरला.

“वर गच्चीत वारा फार असतो, नाही?” त्याने इंजिनिअरला विचारलं.

“असतो.”

“यंत्राच्या खोलीचं दार वाऱ्याने वाजत असेल.”

“नाही, कुलूप असतं.”

“जुनं?”

इंजिनिअर थांबला. “नवं.”

“अपघाताच्या आधी लावलेलं?”

“हो… काही दिवस आधी.”

“किल्ल्या किती?”

“एक.”

“आणि ती त्या दिवशी?”

इंजिनिअरने पाण्याचा पेला उचलला. पाणी प्यायला नाही, तसाच खाली ठेवला. “ऑफिसात असेल,” तो म्हणाला. “मला नक्की सांगता येणार नाही. मी परगावी होतो. त्याने मागितली असती तर कोणीही दिली असती.”

हे उत्तर वाईट नव्हतं. धूर होता, पण त्याच्याआड साक्षीदार लपू शकत होता. तंद्रीने अजून दोन प्रश्न विचारले, तो धूर काही हटला नाही. तो खाली बसला. अर्धं काम झालं होतं, आणि अर्ध्या कामावर माणसं तुरुंगात जातात.

न्यायाधीशांनी टाचणीबाईंकडे पाहिलं. “फेरतपासणी? पुन्हा काही विचारायचंय?”

त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. साक्षीदार त्यांचा होता. तो सावरला होता. त्या उठल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. एकदा चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं.

“एकच विचारायचंय,” त्या म्हणाल्या. “कुलूप बदलायचं तुम्हीच ठरवलंत. नवी किल्ली पहिल्यांदा तुमच्याच हातात आली. तुमच्या हातातून ती ऑफिसात कोणाच्या हातात दिलीत? त्या माणसाचं नाव सांगा, मी उद्या त्याला साक्षीला बोलावते.”

इंजिनिअर आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघत होता. मिस्त्री त्याच्याकडे बघत नव्हता, तो आपला पायाशी.

“दिली नाही,” शेवटी इंजिनिअर म्हणाला. “माझ्याच खिशात होती.”

“मग त्याला ब्रेक दिसणार कसा होता?”

“दिसणार नव्हता. खालून चालवून बघ आणि शेरा दे, असं मीच फोनवर सांगितलं होतं.”

बाई खाली बसल्या. आपल्या हाताने आपला खटला त्यांनी मोडला होता, आणि चेहऱ्यावर रेष हलली नव्हती.

बाहेर आल्यावर तंद्रीने कॉरिडॉरमध्ये एक दृश्य पाहिलं. हिशेबनीस बाईची खुर्ची खिडकीशी उभी होती. टाचणीबाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या, नजरेला नजर यावी म्हणून. ती विचारत होती, “मग माझे पाय कोणी मोडले?” आवाजात राग होता आणि तो रास्त होता. बाई म्हणाल्या, “ते शोधायचं राहिलंय. मी शोधते. पण चुकीच्या माणसाला आत धाडून मी तुम्हाला घरी पाठवू शकत नाही.” ती बाई रडायला लागली. टाचणीबाईंनी तिचा हात धरला आणि तशाच बसून राहिल्या. तंद्री पाय न वाजवता मागच्या जिन्याने उतरला.

मिस्त्री सुटला. पुढे कंपनीवर आणि इंजिनिअरवर वेगळा खटला उभा राहिला. आणि निकालानंतर थोड्याच दिवसांत तंद्रीला मंडळातून फोन आला. अध्यक्ष स्वतः बोलत होते. “दुपारी चहाला येता का? आणि कोणाला सांगू नका.”

बायकोला त्याने सांगितलंच. तिने त्याचा चांगला कोट काढून दिला, बाह्या झटकल्या. “जा,” ती म्हणाली. “काहीही झालं तरी घरी ये.”

पाटी नसलेलं दार आपोआप उघडलं. वरची लांब खोली अगदी तशीच होती, आठवणीतून उचलून आणल्यासारखी. उंच खिडक्या, आणि ते मधासारखं ऊन. पुस्तकांची कपाटं त्या उजेडात किंचित तरंगत असल्यासारखी वाटत होती. अध्यक्षांनी स्वतः चहा ओतला. कपातून वाफ निघाली आणि उन्हात वळणं घेत वर गेली. तंद्रीला वाटलं, आपण आता बोललो तर आवाज निघणारच नाही, स्वप्नात निघत नाही तसा.

“गेले काही महिने मी तुमच्या कोर्टात बसतोय,” अध्यक्ष म्हणाले.

“पाहिलं मी.”

“तुम्हाला कल्पना आली असेलच. आम्ही ज्याचा विचार करतो त्याच्याबद्दल समोरच्या वकिलाला विचारतो. तोच एक खरा साक्षीदार. बाकी सगळे ऐकीव.” त्यांनी कप पुढे सरकवला. “तर सांगा. सरकारी वकीलबाईंबद्दल तुमचं काय मत आहे?”

तंद्रीचा हात कपाच्या कानाशी जाऊन थांबला. म्हणजे त्या पिकल्या भुवया कोर्टाच्या डाव्या बाजूकडे, बाईंच्या बाकाकडे, वळलेल्या होत्या. जिन्यातली थाप, न्यायाधीशांचं हसणं, सगळं डाव्या बाजूकडे होतं. तो नुसता वाटेत उभा होता. हवेत चांगले चार मजले चढवले होते त्याने, ते विटा न पडता, आवाज न होता विरून गेले. त्याला स्वतःचंच हसू आलं.

अध्यक्ष वाट बघत होते. त्यांना घाई नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं, हे तंद्रीला स्वच्छ दिसलं. खोटंही बोलावं लागलं नसतं. ‘बाई हुशार आहेत, पण जरा कोरड्या.’ एवढंच. ‘सहकाऱ्यांशी फारसं जमवून घेत नाहीत.’ तेही खरंच होतं. मंडळात शंभरात एखाद्याचीच वर्णी लागते, असल्या एका ‘पण’वर माणूस अडकून पडतो आणि त्याला कधी कळतसुद्धा नाही. ते वाक्य त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं, हे त्याने पुढे बायकोपाशी कबूल केलं.

त्याने डोळे मिटले. कॉरिडॉरमध्ये, खिडकीपाशी, एक बाई गुडघ्यांवर बसलेली होती.

मग तो बोलायला लागला. किल्लीचा प्रश्न अध्यक्षांनी मागच्या बाकावरून ऐकलाच होता. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते त्याने सांगितलं. पाण्याच्या पिंपाजवळचं बोलणं सांगितलं, स्वतःच्या सदऱ्यासकट. आपण त्या दिवशी का जागे होतो तेही सांगितलं, आणि सांगताना कानापर्यंत लाल झाला. चाकाच्या खुर्चीचं सांगितलं. ‘कोरड्या आहेत’ हेही सांगितलं, कारण विचारलं होतं.

अध्यक्ष ऐकत राहिले. चहावर साय धरली.

“आमच्याकडे शेवटी एक प्रश्न असतो,” ते म्हणाले. “तुमची लेक आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे असं समजा. तिच्या बाजूने तर तुम्ही आहातच. समोर कोण असावं?”

त्याला लेक होती. दूर गावी शिकत होती. ती त्या पिंजऱ्यात उभी राहिलेली त्याला दिसली, केस मागे सारत, घाबरलेली. समोरची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्याने एकेकाला बसवून पाहिलं. मवाळ माणसं बसवली, मित्र बसवले, स्वतःच्या हाताखालचे बसवले. कोणीच जमेना.

“त्याच,” तो म्हणाला. “दुसरं कोणी नको.”

अध्यक्षांनी मान डोलावली. त्याच्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, आणि तो काही बोलला नाही. निरोप घेताना त्यांनी फक्त त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. त्याचा काय अर्थ लावायचा? यावेळी त्याने लावला नाही.

घरी आल्यावर बायकोने चेहरा बघूनच पाणी पुढे केलं. सगळं ऐकून म्हणाली, “दुखतंय?”

“हो.”

“किती?”

“दाढेइतकं.”

“मग दोन दिवस राहील,” ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

मामाला मात्र फार वाईट वाटलं. “मला वाटलं होतं रे, तूच,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. उलट भाच्यालाच त्याची समजूत घालावी लागली.

त्या वर्षी एका रविवारी दुपारी टाचणीबाईंना मंडळात घेतलं. प्रत्येक नव्या सदस्याला बाहेरचा एक पाहुणा आणता येतो. त्यांचं घरात जवळचं कोणी नव्हतं. त्यांनी तंद्रीला फोन केला. “रिकामे आहात का? समोर कोणी ओळखीचं बसलेलं असलं की मला नीट बोलता येतं.”

त्या उभ्या राहून चार वाक्यं बोलल्या, आभार मानले, बसल्या. चहाच्या वेळी त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मला एक कोडं सुटत नाही. यांनी माझ्याबद्दल विचारलं तरी कोणाला? मी तर झाडून सगळ्यांशी भांडलेय.”

“कुणास ठाऊक,” तो म्हणाला. जे त्या खोलीत बोललं जातं ते त्या खोलीतच राहतं.

“तुम्हाला नव्हतं ना विचारलं?”

“मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कोरड्या आहेत.”

तेव्हा त्या हसल्या. बारीक आवाजात, तोंडावर हात धरून. इतक्या वर्षांत त्याने त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

दोघं बाहेर पडले तेव्हा ऊन कलंडलं होतं. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या होत्या. बाई गल्लीच्या तोंडाशी थांबल्या, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “गाडी कुठे लावली तेच आठवत नाहीये,” त्या म्हणाल्या, अगदी चकित होऊन. “असं मला कधी होत नाही.”

“शोधू की,” तो म्हणाला.

मग ते त्या गल्लीतून पुढच्या गल्लीत आणि तिथून आणखी पुढच्या गल्लीत चालत गेले. दुकानांची दारं मिटलेली होती. एका खिडकीत कोणीतरी पेटी शिकत होतं, तोच तोच तुकडा अडखळत वाजवत होतं. बाई त्याला एका जुन्या खटल्याबद्दल सांगू लागल्या, ज्यात त्या फार वाईट हरल्या होत्या. तोही आपल्या एका हरण्याबद्दल सांगू लागला. कोणत्या तरी वळणावर एक पांढरी गाडी उभी होती, ती बाईंची होती की नव्हती हे दोघांनीही पाहिलं नाही. ते बोलत बोलत पुढे गेले.